डीइझम समजून घ्यायचा असेल तर ‘कशावरून?’ इथून सुरुवात करा

डीइझम या देवाविषयीच्या विचाराची ओळख बहुतेक ठिकाणी एकाच चित्रातून करून दिली जाते: देवाने जगाचं घड्याळ बनवलं, किल्ली दिली आणि तो निघून गेला. चित्र लक्षात राहतं, पण नवख्या माणसाची वाट इथेच चुकते. डीइस्ट, म्हणजे हा विचार मानणारे, म्हणून ओळखले जाणारे कितीतरी जण प्रार्थना करत, मरणोत्तर न्याय मानत आणि देवाचं जगाकडे लक्ष आहे असंही मानत. देव किती दूर आहे यावर त्यांचं कधीच एकमत नव्हतं. एकमत होतं ते देवाबद्दल आपल्याला काही कळतं ते कशावरून, यावर. त्यांचं उत्तर असं, की सृष्टी पाहून आणि स्वतःची बुद्धी चालवून जे कळेल तेवढंच. ग्रंथ, प्रेषित आणि चमत्कार यांना त्यांनी पुराव्याच्या जागी बसू दिलं नाही.

म्हणून डीइझम आणि संघटित धर्म यांतला फरक शोधताना ‘देव मानता का?’ हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही. दोन्हीकडे उत्तर ‘हो’च येतं. ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारला की दोघे लगेच वेगळे होतात. खालच्या पायऱ्या याच प्रश्नाच्या आधाराने रचल्या आहेत. क्रम मोडू नका, विशेषतः दुसरी पायरी गाळू नका.

पायरी १: शब्द लावून घ्या

‘डीइझम’ हा शब्द लॅटिन ‘देउस’वरून आला आणि ‘थीइझम’ (ईश्वरवाद) ग्रीक ‘थेओस’वरून. दोन्हींचा अर्थ देव. सुरुवातीला या दोन शब्दांत फारसा भेद नव्हता, तो पुढे पडत गेला. छापील मजकुरात ‘डीइस्ट’ हा शब्द १५६४ च्या सुमारास पिएर व्हिरे या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाने वापरलेला सापडतो, तोही टीका करताना. देव मानतात पण येशूला मानत नाहीत, अशा लोकांसाठी. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे दीडशे-दोनशे वर्षं हा शब्द बऱ्याचदा शिवीसारखाच फेकला गेला. कोणी कोणाला डीइस्ट म्हटलं एवढ्यावरून तो माणूस डीइस्ट होता असं धरता येत नाही.

मराठीत यासाठी निमित्तेश्वरवाद, तटस्थ ईश्वरवाद असे शब्द योजले जातात. दोन्ही शब्द त्या घड्याळाच्या चित्राकडेच झुकतात, म्हणून इथे सरळ ‘डीइझम’च ठेवला आहे.

आणखी एक शब्द लागेल: प्रकटीकरण. देवाने विशिष्ट माणसाला, विशिष्ट वेळी, स्वतःहून सांगितलेलं ज्ञान. संघटित धर्मांपैकी बरेचसे, सगळे नव्हेत, यावर उभे आहेत. डीइझमचा वाद मुख्यतः याच्याशी आहे.

पायरी २: चार रकान्यांची वही

एक कोरं पान घ्या आणि चार रकाने आखा. पहिल्यात दावा लिहा. दुसऱ्यात ‘कशावरून?’ तिसऱ्यात ‘मला स्वतःला तपासता येतं का?’ चौथ्यात ‘ग्रंथ, प्रेषित आणि चमत्कार बाजूला ठेवले तर हा दावा उभा राहतो का?’ आता निदान दहा दावे भरा. एक-दोन भरून थांबलात तर सोपेच दावे निवडले जातात आणि हाती काही लागत नाही.

नमुन्यादाखल चार ओळी पाहू.

‘या विश्वाला निर्माता आहे.’ कशावरून? निसर्गातली नियमबद्धता, ग्रहांच्या गती, सजीवांची रचना. निरीक्षण कोणालाही करता येतं. त्यावरून काढलेलं अनुमान वादाचं असलं तरी ते कोणाच्या सांगण्यावर टेकलेलं नाही. डीइस्टच्या मते चौथ्या रकान्यात ‘हो’.

‘खोटं बोलू नये.’ दुसऱ्या रकान्यात पुष्कळ जण ग्रंथाचं नाव लिहितात. थांबा आणि विचारा, तो ग्रंथ कधीच न पाहिलेल्या माणसांना हे कळत नाही का? कळतं. मग आधार दुसराही आहे. तोही लिहा. चौथ्यात ‘हो’.

‘अमुक दिवशी उपवास केला की पाप फिटतं.’ कशावरून? नियमात तसं सांगितलंय. तो नियम बाजूला केला की त्या दिवसाचं आणि पापाचं नातं दाखवणारं काहीच उरत नाही. चौथ्यात ‘नाही’.

‘मेल्यानंतर न्याय होतो.’ इथे पेन्सिल वापरा. एका डीइस्टचा युक्तिवाद असा: देव न्यायी आहे, या जगात न्याय पुरता होत नाही, तेव्हा तो पुढे कुठेतरी होत असला पाहिजे. दुसरा म्हणतो, ही आपली इच्छा झाली, तपासायला काही नाही. ही ओळ अर्धवट राहिली तर वही चुकली असं नाही. डीइस्टांमध्येच इथे फूट होती.

वही भरताना दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे ‘कशावरून?’च्या रकान्यात ‘सगळेच मानतात’ असं लिहिणं. ती ऐकीव गोष्टच आहे, फक्त सांगणाऱ्यांची संख्या वाढली. दुसरी याच्या उलट: ग्रंथात आहे म्हणजे खोटंच असणार असं धरून फुली मारणं. डीइझम असं म्हणत नाही. ग्रंथातलं वाक्य बुद्धीच्या कसोटीला उतरलं तर ते खरंच आहे. फक्त ते ग्रंथात आहे म्हणून खरं ठरत नाही.

या सगळ्यामागचा युक्तिवाद टॉमस पेन या अठराव्या शतकातल्या इंग्रजी लेखकाने सर्वांत स्वच्छ मांडला आहे. समजा देव खरोखरच एका माणसाशी बोलला. त्या माणसापुरतं ते प्रकटीकरण झालं. त्याने ते दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. दुसऱ्यापासून पुढे सगळ्यांसाठी ती ऐकीव माहिती आहे, आणि तिच्यावर विश्वास ठेवायला ते बांधील नाहीत. पेन इथे देव बोलू शकत नाही असं म्हणत नाही. पहिल्या माणसाला तो खोटाही ठरवत नाही. तो एवढंच दाखवतो, की अनुभव एकाचा होता आणि विश्वास दुसऱ्याकडून मागितला जातोय. हा मुद्दा घाईत वाचू नका. तो पटो न पटो, नीट कळला की डीइझमचा निम्मा भाग हाती आला.

पायरी ३: धर्माचे भाग सुटे करा

‘धर्म’ ही एकसंध वस्तू धरून तुलना केली की गोंधळ होतो. सुटे भाग करा: ग्रंथ, मध्यस्थ (पुरोहित, धर्मगुरू), चमत्कारांच्या हकिकती, विधी, सदस्यत्व, आचाराचे नियम, आणि देवावरचा विश्वास. मग एकेक भाग उचलून विचारा, डीइझम यातलं काय ठेवतो?

या कामी लॉर्ड हर्बर्ट ऑफ चेरबरी हा इंग्लिश विचारवंत उपयोगी पडतो. १६२४ मध्ये पॅरिसला छापलेल्या ‘डे व्हेरिटाटे’ या लॅटिन ग्रंथात त्याने सर्व माणसांच्या मनात मुळातच असलेल्या पाच गोष्टी मांडल्या: एक परमेश्वर आहे, त्याची उपासना करावी, सदाचरण आणि भक्ती हीच त्या उपासनेची मुख्य अंगं, चुकांबद्दल पश्चात्ताप करावा, आणि या जगात व पुढेही चांगल्या-वाईटाचं फळ मिळतं. हर्बर्टने स्वतःला कधी डीइस्ट म्हटलं नाही, पण इंग्लंडमधल्या डीइझमची सुरुवात त्याच्यापासून धरतात. त्याच्या यादीत उपासना आहे, पश्चात्ताप आहे. पुरोहित नाही, ग्रंथ नाही, चमत्कार नाही.

मध्यस्थाचा भाग सर्वांत टोकदार आहे. देवाबद्दलचं ज्ञान सर्वांना सारखंच खुलं असेल, तर ते सांगण्याचा विशेष अधिकार कोणाकडेच उरत नाही. आणि तो अधिकार गेला, की कर, शिक्षा आणि बहिष्कार यांचा धार्मिक आधारही जातो. डीइस्टांना तुरुंगवास झाला तो यामुळे. केवळ तत्त्वज्ञानाच्या वादासाठी एवढी किंमत मोजावी लागली नसती.

चमत्कारांच्या बाबतीत एक वस्तूच डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन याने १८२० च्या सुमारास बायबलच्या नव्या कराराच्या सहा प्रती घेतल्या. ग्रीक-लॅटिनच्या दोन, फ्रेंचच्या दोन, इंग्रजीच्या दोन. दोन-दोन अशासाठी, की पानाच्या पुढच्या बाजूचा मजकूर कापला की मागच्या बाजूचा जातो. धारदार पात्याने त्याने येशूची शिकवण आणि जीवनक्रम कापून काढला आणि चार भाषा शेजारी-शेजारी चिकटवून ८४ पानांचं पुस्तक बांधलं. मजकूर संपतो तो येशूचं प्रेत ठेवून, कबरीच्या तोंडाशी मोठा दगड लोटून माणसं निघून जातात तिथे. पुनरुत्थान नाही. जेफरसनला काटेकोर अर्थाने डीइस्ट म्हणावं का, यावर वाद आहे. पण चौथा रकाना कागदावर आणि कात्रणांत कसा दिसतो, हे पाहायला याहून चांगला नमुना नाही.

इथे एक सावधगिरी. डीइझम वाढला तो ख्रिस्ती युरोपात. त्याचे प्रश्न एक ग्रंथ, एक प्रेषित, एक चर्च असलेल्या धर्माला उद्देशून होते. धर्माची ठेवण वेगळी असेल तिथे बाहेरून साम्य दिसलं तरी ‘कशावरून?’ विचारूनच पुढे जा. न्यायदर्शनातला ईश्वर कुंभारासारखा जगाचं निमित्तकारण आहे आणि त्याच्या सिद्धीसाठी अनुमानही दिलं आहे. तरी नैयायिक, म्हणजे हे दर्शन मानणारे, डीइस्ट नाहीत, कारण वेदांचं प्रामाण्य ते सोडत नाहीत. उलट जोतीराव फुल्यांचा ‘निर्मिक’ डीइझमच्या बराच जवळ येतो. एकच निर्माणकर्ता, कोणताही ग्रंथ ईश्वरनिर्मित नाही, मध्ये दलाल नको. फुल्यांनी पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ तरुणपणी वाचलं होतं. मात्र त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या पुस्तकात जन्म, लग्न, मृत्यू यांचे विधीही येतात. त्यांचा भर समाज बदलण्यावर होता, म्हणून ‘फुले म्हणजे मराठीतले पेन’ असं म्हणून मोकळं होऊ नये.

पायरी ४: कोणता डीइस्ट, ते ठरवा

यासाठी सर्वांत चांगली फूटपट्टी एका विरोधकाने दिली आहे. सॅम्युएल क्लार्क या इंग्लिश धर्मपंडिताने १७०५ च्या व्याख्यानांत डीइस्टांचे चार प्रकार सांगितले. पहिला: देवाने जग केलं, पण ते चालवण्यात त्याला रस नाही. दुसरा: निसर्ग देव चालवतो, पण माणसाच्या बऱ्या-वाईटाशी त्याला कर्तव्य नाही. तिसरा: देव नीतिमान आणि न्यायी आहे, पण आत्मा अमर नाही. चौथा: हे सगळं मान्य, मरणोत्तर जीवनही मान्य, फक्त प्रकटीकरणाची गरज मान्य नाही.

घड्याळजी देव यातल्या फक्त पहिल्या प्रकारात बसतो. हर्बर्टचे पाच मुद्दे चौथ्याच्या जवळ जातात. पेनही तिकडेच झुकतो, कारण एका देवावरचा विश्वास आणि या जीवनापलीकडच्या सुखाची आशा त्याने स्पष्ट लिहून ठेवली आहे. आयुष्यभर नास्तिकतेची बाजू मांडून २००४ मध्ये, ८१ व्या वर्षी, आपण आता एक देव मानतो असं जाहीर करणारे तत्त्वज्ञ अँटनी फ्लू यांनी प्रकटीकरण आणि मरणोत्तर जीवन दोन्ही नाकारली. त्यांना वरच्या प्रकारांत शोधा. नवीन नाव समोर आलं की आधी हे करायचं, मग त्या माणसाबद्दल बोलायचं.

पायरी ५: वाचनाचा क्रम

सुरुवात पेनच्या ‘द एज ऑफ रीझन’च्या पहिल्या भागाने करा (१७९४). भाषा साधी आहे, आकार लहान आहे. तो पॅरिसमध्ये लिहिला गेला, लिहिताना पेनजवळ बायबल नव्हतं, आणि हस्तलिखित पुरं होताहोताच डिसेंबर १७९३ मध्ये त्याला अटक झाली. म्हणून पहिला भाग तत्त्वांवर आहे. दुसऱ्यात बायबलची ओळीवार उलटतपासणी आहे, आणि बायबलची ओळख नसलेला वाचक तिथे कंटाळतो. तो भाग मागे ठेवलात तरी चालेल.

त्यानंतर रूसो या फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या तत्त्वज्ञाच्या ‘एमील’मधलं (१७६२) सॅव्हॉयच्या धर्मगुरूचं निवेदन वाचा. पेन बुद्धीने पटवतो. इथे आतल्या साक्षीचा, सदसद्विवेकाचा आधार आहे. मग स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचे नैसर्गिक धर्मावरचे (म्हणजे प्रकटीकरणाविना, बुद्धीवर उभ्या धर्मावरचे) संवाद, जे त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये छापले गेले. ते डीइझमवरचे सर्वांत कठोर आक्षेप आहेत, आणि ते न वाचता डीइझम कळला असं म्हणता येत नाही. विरोधी बाजू वाचण्याचा परिणाम उलटाही होऊ शकतो. पुढे अमेरिकेचा नेता झालेला बेंजामिन फ्रँकलिन पंधराएक वर्षांचा असताना डीइझमचं खंडन करणारी पुस्तकं वाचत होता. खंडनासाठी दिलेले डीइस्टांचे युक्तिवादच त्याला अधिक जोरदार वाटले आणि तो डीइस्ट झाला.

इंग्लिश लेखकांकडे वळाल तेव्हा वाक्यं जपून वाचा. जॉन टोलँडचं १६९६ चं पुस्तक आयरिश संसदेच्या हुकमाने डब्लिनमध्ये जाळलं गेलं. टॉमस वूल्स्टनला चमत्कारांवरच्या लेखनाबद्दल १७२९ मध्ये दंड आणि कैद झाली. त्यामुळे पुष्कळ मजकूर बिननावाने आला किंवा ‘खरा ख्रिस्ती धर्म हाच’ अशा झाकणाखाली आला. मॅथ्यू टिंडलच्या १७३० च्या पुस्तकाचं नावच ख्रिस्ती धर्म सृष्टीइतका जुना आहे, असं सांगतं. अशा ठिकाणी लेखक श्रद्धेने लिहितोय की सावधपणे, हे प्रत्येक परिच्छेदाला ठरवावं लागतं, आणि प्रत्येक वेळी ठरतंच असं नाही.

पायरी ६: आक्षेप टाळू नका

पहिला आक्षेप दुःखाचा. १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी, सणाच्या दिवशी, चर्च भरलेली असताना पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला भूकंप झाला. मागोमाग आग आणि समुद्राच्या लाटा आल्या. हजारो माणसं गेली. जे आहे ते उत्तमच आहे, असं म्हणणाऱ्यांना फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरने कवितेतून विचारलं, ही मुलं कोणत्या चुकीची शिक्षा भोगतायत? रूसोने त्याला पत्राने उत्तर दिलं, की सहा-सहा, सात-सात मजल्यांची वीस हजार घरं तिथे निसर्गाने बांधली नव्हती. दोघेही देव मानणारे. संघटित धर्माजवळ अशा वेळी पाप, परीक्षा, प्रायश्चित्त अशी तयार उत्तरं असतात. डीइस्टजवळ नसतात. त्याला उत्तर शोधावं लागतं किंवा ते नाही हे कबूल करावं लागतं. ही डीइझमची सर्वांत अवघड जागा आहे, आणि ती झाकून डीइझम समजावणाऱ्यावर विसंबू नका.

दुसरा आक्षेप ह्यूमचा. घर पाहिलं की गवंडी आठवतो, कारण घरं बांधली जाताना आपण पाहिली आहेत. विश्वं बनताना कोणी पाहिली? आणि रचनेवरून रचनाकार मानलाच, तर तो एकच कशावरून, परिपूर्ण कशावरून? डीइस्टांचाच प्रश्न इथे त्यांच्यावर उलटतो. पुढे १८५९ मध्ये डार्विनने सजीवांची रचना नैसर्गिक निवडीने समजावली आणि वहीतल्या पहिल्या ओळीतला एक मोठा आधार कमजोर झाला. ती ओळ परत उघडा आणि सजीवांचा मुद्दा वगळून लिहून पाहा. निसर्गनियम मुळात आहेत ते कशामुळे, हा प्रश्न तेव्हाही शिल्लक राहतो. आजचे डीइस्ट बहुधा तिथे उभे असतात.

नेहमीची गल्लत

डीइझम म्हणजे नास्तिकता, ही सर्वांत जुनी गल्लत. व्हॉल्टेअरने फर्नी गावी स्वतः चर्च बांधून त्यावर ‘व्हॉल्टेअरने देवासाठी बांधलं’ अशा अर्थाचा लॅटिन लेख कोरवला. तत्त्वज्ञ स्पिनोझालाही डीइस्टांत ओढतात, पण त्याचा देव आणि निसर्ग वेगळे नाहीत, तर डीइझममध्ये निर्माता आणि निर्मिती वेगळी आहेत. न्यूटन डीइस्ट नव्हता. तो बायबलमधल्या भाकितांचा अभ्यास करी आणि ग्रहमालेला देवाचा हात अधूनमधून लागतो असं मानी. घड्याळाच्या दृष्टान्तासाठी प्रसिद्ध असलेला विल्यम पेली तर चर्चमध्ये अधिकारपदावर होता.

संघटना का जमली नाही

प्रयत्न झाले. फ्रेंच राज्यक्रांतीचा नेता रोबेस्पिएरने मे १७९४ मध्ये परमसत्तेची उपासना सरकारी ठरावाने सुरू केली. ८ जूनला पॅरिसमध्ये मोठा उत्सव झाला आणि २८ जुलैला त्याचाच शिरच्छेद झाला. थिओफिलँथ्रोपिस्ट (देवावर आणि माणसावर प्रेम करणारे) मंडळी १७९७ पासून पॅरिसमध्ये साध्या प्रार्थना आणि नीतिपाठ घेत, १८०१ मध्ये नेपोलियनच्या राजवटीने त्यांना आवर घातला. पण बंदी हे एकच कारण नव्हे. ज्ञान सर्वांना सारखं खुलं असेल तर शिकवणारा कोण, शिकणारा कोण? सदस्य कोण आणि बाहेरचा कोण? संघटनेला ज्या भिंती लागतात त्याच डीइझम पाडतो.

याची किंमत रोजच्या जगण्यात मोजावी लागते. घरात मृत्यू झाला की धर्माजवळ ठरलेले शब्द, ठरलेले दिवस आणि दारात येणारी माणसं असतात. डीइस्ट म्हणून जगू पाहणाऱ्याने ही तयारी आधीच करायला हवी. त्या वेळी कोण काय वाचेल, कोण सोबतीला येईल, हे घरच्यांशी बोलून लिहून ठेवा. दुःखाच्या दिवशी नवे शब्द सुचत नाहीत. प्रार्थनेचंही तसंच. तीही आधी लिहावी लागते. फ्रँकलिनने १७२८ मध्ये, २२ व्या वर्षी, स्वतःपुरती उपासना लिहून काढली: आधी स्तुती, मग मागणं, शेवटी आभार. मागण्यात धन नाही की शत्रूचा पराभव नाही, चांगलं वागायला मदत कर एवढंच आहे. आभार आहेत ते हवा आणि उजेडाबद्दल, उपयोगी विस्तवाबद्दल, गोड पाण्याबद्दल.